गारवा रुसला की निरोप चुकला?

मे महिन्यात अजिंठ्याला मोटारीने गेलात, तर ती थेट लेण्यांपर्यंत नेता येत नाही. लेण्यांना धुराचा उपद्रव होऊ नये म्हणून खासगी गाड्या सुमारे ४ किलोमीटर अलीकडे, फर्दापूरजवळ थांबवतात. पुढे बसने जायचे. दुपारी परत यावे, तो गाडीची भट्टी झालेली! बंद गाडीतील तापमान उन्हात पहिल्या १० मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढू शकते. म्हणून लहान मुलाला गाडीत क्षणभरही एकटे ठेवू नये.

दारे उघडून गरम हवा घालवली, २४ अंशांवर स्वयंचलित वातानुकूलन सुरू केले, तरी गारवा येईना. लगेच ‘गॅस संपला’ म्हणू नका. यंत्रणा कशी चालते, ते आधी पाहू.

डॅशबोर्डवर एक बारीक जाळी असते. तिच्यामागे थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो. त्यावरून नियंत्रकाला आतले तापमान कळते. पुढच्या काचेजवळचा दुसरा संवेदक उन्हाची तीव्रता सांगतो. मग नियंत्रक पंख्याचा वेग ठरवतो आणि लहान मोटारीने झडप फिरवून थंड व गरम हवा हवी तशी मिसळतो.

समजा, थर्मिस्टरची तार तुटली. रोध एकदम प्रचंड वाढला! म्हणजे ‘आत कडाक्याची थंडी आहे’ असा निरोप गेला. म्हणूनच अनेक गाड्यांतील नियंत्रक असा अशक्य निरोप नाकारतो व बिघाडाचा संकेतांक नोंदवून ठेवतो. उन्हाच्या संवेदकावर रुमाल पडला, तर त्याला भर उन्हात सावली भासते आणि गारवा कमी पडतो.

आता एक सोपी परीक्षा. तापमान सर्वांत खालच्या खुणेवर आणा. बहुतेक गाड्यांत तेव्हा नियंत्रक संवेदकांचे न ऐकता पूर्ण गारवा सोडतो. आता हवा थंड आली, तर संशय संवेदकांवर. हवेचा झोतच मंद असेल, तर हवेची गाळणी धुळीने भरली का, ते पाहा. एकाच बाजूने गरम हवा आणि डॅशबोर्डमागे टकटक असेल, तर झडपेची मोटार तपासावी. सगळीकडून गरमच हवा आली, तर मात्र कॉम्प्रेसर किंवा गॅस. गॅस गळून दाब फार घटला की दाबाचा स्विच कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही. हे काम जाणकार कारागिराचे. गॅस दाबाखाली असतो. नळ्या स्वतः कधीही उघडू नका.

यंत्र आज्ञाधारक असते. पण निरोपच खोटा असेल, तर ते बिचारे काय करणार? तुमच्या घरात संवेदकाच्या निरोपावर चालणारी यंत्रे कोणती, शोधा पाहू!