न जपता चालणारा जप

श्वास आत येताना ‘सो’ आणि बाहेर जाताना ‘हं’ असा नाद आपोआपच उमटत असतो, असे योगपरंपरा मानते. या दोन अक्षरांतून सिद्ध होणाऱ्या ‘सोऽहम्’ या मंत्राकडे, म्हणजे ‘तो मीच आहे’ या बोधाकडे, जीभ वा ओठ न हलवता लक्ष ठेवणे यालाच अजपाजप म्हणतात. ‘अजपा’ म्हणजे जो मुद्दाम जपावा लागत नाही तो. एका अहोरात्रात असे २१,६०० जप होतात हा जुना हिशेब समर्थ रामदासांनीही दासबोधाच्या सतराव्या दशकातील अजपानिरूपणाच्या समासात दिला आहे. हा आकडा मिनिटाला १५ श्वासांचा होतो, आणि विश्रांती घेणाऱ्या प्रौढाचे श्वसन आजचे शरीरशास्त्रही मिनिटाला १२ ते २० च्या दरम्यान धरते, तेव्हा तो अगदीच हवेतला म्हणता येणार नाही.

मुंबईतील लालबागसारख्या वस्तीत, जिथे गिरण्यांच्या काळात चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एक पाळी निजलेली असताना दुसरी डबा बांधत असे, तिथे आसन, माळ आणि एकांत मागणारी साधना अवघडच. हा जप यांपैकी काहीच मागत नाही. या चाळींतील अनेक कुटुंबांचे गाव ज्या रत्नागिरीकडे, तेथील पावसचे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) यांनी नाथपरंपरेतील हीच सोऽहम् साधना पुण्याच्या गणेशनाथांकडून घेतली आणि आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे ‘अनंत निवास’ या घरातील एका खोलीत काढली.

नवा साधक बहुधा एका ठिकाणी चुकतो: तो मंत्राच्या ठेक्यावर श्वास ओढू लागतो, मग छाती ताठरते आणि लक्ष मोजणीत अडकते. वास्तविक येथे श्वास पुढे आणि मंत्र त्याच्या मागे, असा क्रम आहे. इटलीतील लुचियानो बेर्नार्दी व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात लॅटिन जपमाळ किंवा बौद्ध मंत्र म्हणताना श्वसन मिनिटाला सहाच्या आसपास मंदावल्याचे आढळले; परंतु तेथे वाक्याची लांबीच श्वासाला आवर घालत होती, त्यामुळे तो निष्कर्ष अजपाला जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल. सत्यनारायण गोयंका यांनी शिकवलेल्या विपश्यनेतील आनापानात, म्हणजे येत्याजात्या श्वासाच्या निरीक्षणात, तर मंत्र वर्ज्यच आहे, कारण शब्दाने मन लवकर स्थिरावले तरी नैसर्गिक श्वास झाकला जातो, अशी त्यामागची भूमिका आहे. अजपाचा साधक मात्र शब्दाला श्वासाचाच आवाज समजतो.

लालबागच्या मसाल्याच्या बाजारात डंखावर, म्हणजे कुटण्याच्या यंत्रावर, मिरची कुटली जात असताना श्वास पुढे आणि मंत्र मागे हा क्रम सहज पडताळता येतो. खकाणा नाकात जातो, ठसका लागतो आणि ‘सो’ अर्ध्यावरच तुटतो. अशा वेळी तुटलेला मंत्र रेटून पुरा करायचा नसतो, खोकला ओसरून पुढचा श्वास आपसूक आत येईपर्यंत थांबायचे असते.