मोॲब

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी यूटा राज्यातील ग्रँड कौंटीचे मुख्य ठिकाण आणि कोलोरॅडो पठारावरील एक प्रसिद्ध पर्यटनकेंद्र. लोकसंख्या ५,३६६ (२०२०). हे सॉल्ट लेक सिटीच्या आग्नेयीस सु. ३७५ किमी. अंतरावर, कोलोरॅडो नदीच्या डाव्या तीराजवळ, समुद्रसपाटीपासून सु. १,२२७ मी. उंचीवर वसले आहे. शहराच्या दोन्ही बाजूंस तांबड्या वालुकाश्माचे उभे कडे असून आग्नेयीस ला सॅल पर्वताची हिमाच्छादित शिखरे दिसतात. हवामान शुष्क असून वार्षिक पर्जन्यमान सु. २३ सेंमी. आहे. जुलैमध्ये दिवसाचे तापमान ३७° से.च्या आसपास जाते, तर हिवाळ्यात रात्री ते गोठणबिंदूच्या बरेच खाली उतरते. त्यामुळे वसंत व शरद हे दोन ऋतू पर्यटनास विशेष सोयीचे मानले जातात. आर्चेस आणि कॅन्यनलँड्स या दोन राष्ट्रीय उद्यानांचे प्रवेशद्वार म्हणून या लहानशा शहरास जागतिक ख्याती लाभली आहे.

भूरचना : मोॲब परिसरातील निसर्गशिल्पांचे मूळ जमिनीखालील मिठात आहे. सु. ३० कोटी वर्षांपूर्वी येथील पॅराडॉक्स द्रोणीत समुद्र वारंवार शिरून आटत गेला व मिठाचे जाड थर साचले. त्यांवर पुढे वाळू, चिखल व गोटे यांचे प्रचंड गाळथर साठले. दाबाखाली मीठ स्थिर राहत नाही. ते अतिशय मंद गतीने वाहू लागते. असे वाहून काही ठिकाणी गोळा झालेल्या मिठाने वरचे खडक उचलले व लांबट अपनती तयार झाल्या. कालांतराने भूजलाने वरच्या भागातील मीठ विरघळविल्यावर या अपनतींचे माथे खचले. मोॲब ज्या दरीत वसले आहे, ती दरी अशाच खचलेल्या अपनतीची आहे. कोलोरॅडो नदी या दरीच्या लांबीच्या दिशेने न वाहता ती आडवी ओलांडून पलीकडच्या कड्यांत शिरते, हे येथील एक लक्षणीय वैशिष्ट्य होय.

खडक वर उचलले जात असता त्यांत समांतर भेगा पडल्या. या भेगांत शिरलेले पाणी वालुकाश्मातील कण एकत्र धरून ठेवणारा चुनखडीयुक्त बंधक पदार्थ विरघळविते आणि हिवाळ्यात गोठून भेगा रुंदावते. अशा रीतीने वालुकाश्माच्या उभ्या, अरुंद भिंती सुट्या होतात. भिंतीच्या तळाकडील मऊ थर अगोदर झिजला, की तेथे प्रथम खोबण व नंतर आरपार छिद्र पडते. छताचे तुकडे गळून पडत गेल्याने ते वाढते आणि कमान तयार होते. वाहत्या प्रवाहाने खालून खडक कोरल्यामुळे जो तयार होतो तो नैसर्गिक पूल. कमानीच्या निर्मितीस मात्र प्रवाहाची आवश्यकता नसते. ज्या क्रियेने कमान घडते तीच क्रिया अखेरीस तिला पाडते. आज दिसणारी प्रत्येक कमान ही म्हणूनच एका दीर्घ झिजेतील केवळ एक अवस्था होय.

इतिहास : या भागातील कड्यांवर प्राचीन मूलनिवासी लोकांनी कोरलेली व रंगविलेली चित्रे अनेक ठिकाणी आढळतात. यूरोपीय वंशाचे लोक येण्यापूर्वी येथे यूट जमातीचा वावर होता. नदी ओलांडण्यास ही जागा सोयीची असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सँता फे व लॉस अँजेल्स यांना जोडणारा जुना स्पॅनिश व्यापारी मार्ग येथून जात असे. मॉर्मन पंथीयांनी १८५५ मध्ये येथे उभारलेली वसाहत यूट लोकांशी झालेल्या संघर्षामुळे त्याच वर्षी सोडून द्यावी लागली. कायमची वस्ती १८७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस झाली. मोॲब हे नाव बायबलमधील प्रदेशावरून घेतलेले असून मराठी बायबलमध्ये त्याचे रूप ‘मवाब’ असे आहे. गुरचराई, शेती व फळबागा हे येथील प्रारंभीचे व्यवसाय होते. येथे नदीवर पहिला पूल १९१२ मध्ये बांधण्यात आला.

चार्ल्स स्टीन या भूवैज्ञानिकास १९५२ मध्ये मोॲबच्या आग्नेयीस लिस्बन व्हॅलीत युरेनियमचा समृद्ध साठा सापडला. त्याने या खाणीस ‘मी वीदा’ (माझे जीवन) असे स्पॅनिश नाव दिले. या शोधानंतर खनिज शोधणाऱ्यांची रीघ लागली आणि १९५० मध्ये १,२७४ असलेली लोकसंख्या १९६० मध्ये ४,६८२ झाली. नदीकाठी १९५६ मध्ये युरेनियम शुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. तो १९८४ मध्ये बंद पडला. खाणकामासाठी डोंगरकपारींतून कच्चे रस्ते काढण्यात आले होते. खनिजाचे दिवस सरल्यावर त्याच रस्त्यांवरून पर्यटकांच्या जीपगाड्या व सायकली धावू लागल्या. मोॲबच्या आजच्या पर्यटनाचा आराखडा अशा प्रकारे बऱ्याच अंशी खाणवाल्यांनी आखलेला आहे.

आर्चेस राष्ट्रीय उद्यान : शहराच्या उत्तरेस सु. ८ किमी. वर याचे प्रवेशद्वार आहे. हा प्रदेश १९२९ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून व १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. क्षेत्रफळ सु. ३१० चौ. किमी. किमान ०·९ मी. रुंदीचे छिद्र म्हणजे कमान, या व्याख्येनुसार येथे २,००० हून अधिक कमानींची नोंद झाली आहे. त्यांपैकी सु. १६ मी. उंचीची एकाकी उभी असलेली डेलिकेट कमान सर्वांत प्रसिद्ध असून ती यूटा राज्याचे प्रतीकच बनली आहे. तिच्याकडे जाणारी पायवाट जाऊन-येऊन सु. ४·८ किमी. लांबीची आहे. वाटेत बराच भाग उघड्या खडकावरून चढावा लागतो व सावली जवळजवळ नसते, त्यामुळे पुरेसे पाणी जवळ बाळगणे अत्यावश्यक असते. पायवाटेच्या प्रारंभी वुल्फ या पशुपालक कुटुंबाची ओंडक्यांची जुनी झोपडी आहे.

उद्यानाच्या उत्तर भागातील लँडस्केप कमानीचा गाळा सु. ९० मी. असून तिची गणना जगातील सर्वांत लांब नैसर्गिक कमानींत होते. सप्टेंबर १९९१ मध्ये तिच्या खालच्या बाजूचा सु. १८ मी. लांबीचा तुकडा प्रवाशांच्या देखत कोसळला. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. तथापि त्यानंतर कमानीखालून जाणारी वाट बंद करण्यात आली. जवळची वॉल कमान दीर्घकाळ उभी होती. ती ऑगस्ट २००८ मध्ये एका रात्रीत ढासळली. सु. ३९ मी. उंचीचा तोल सावरून उभा असलेला खडक (बॅलन्स्ड रॉक) व जोडकमान (डबल आर्च) हीदेखील येथील प्रेक्षणीय स्थळे होत. लेखक एडवर्ड ॲबी याने १९५६ व १९५७ या वर्षी येथे हंगामी वनरक्षक म्हणून काम केले. त्या अनुभवावर आधारलेल्या व १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेझर्ट सॉलिटेअर या ग्रंथात त्याने राष्ट्रीय उद्यानांत मोटारींसाठी रस्ते वाढविण्याच्या धोरणावर कठोर टीका केली.

कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान : १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ सु. १,३६६ चौ. किमी. आहे. कोलोरॅडो व ग्रीन या नद्यांचा संगम उद्यानाच्या मध्यभागी असून त्यांच्या खोल निदऱ्यांमुळे त्याचे तीन भाग पडले आहेत. नद्यांवर उद्यानात पूल नसल्याने एका भागातून दुसऱ्यात जाण्यास मोटारीने मोठा वळसा घ्यावा लागतो. आयलंड इन द स्काय हा उत्तरेकडील भाग म्हणजे भोवतालच्या प्रदेशापासून ३०० मी.हून अधिक उंच असलेला सपाट माथ्याचा डोंगर होय. सूर्योदयासाठी प्रसिद्ध असलेली मेसा कमान, ग्रँड व्ह्यू पॉइंट हे टोक व अपहीव्हल डोम हे विवर येथे आहे. हे विवर मिठाच्या घुमटामुळे झाले की उल्कापातामुळे, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. आघाताने विकृत झालेले क्वॉर्ट्‌झचे कण आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर उल्कापाताच्या मतास बळकटी मिळाली. डोंगराच्या खालच्या पायरीवरून जाणारा सु. १६० किमी.चा व्हाइट रिम मार्ग मूळचा युरेनियमच्या शोधकाळातील आहे. आग्नेयीकडील नीडल्स भागात तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सुळके आहेत. पश्चिमेकडील मेझ हा भाग अत्यंत दुर्गम आहे. मुख्य उद्यानापासून अलग असलेल्या हॉर्सशू कॅन्यनमधील प्राचीन रंगीत मानवाकृती अमेरिकेतील शैलचित्रकलेचा श्रेष्ठ नमुना मानल्या जातात.

इतर स्थळे : डेड हॉर्स पॉइंट या राज्य उद्यानातून सु. ६०० मी. खाली कोलोरॅडो नदीचे मोठे नागमोडी वळण दिसते. तेथूनच दिसणारी गडद निळी तळी नैसर्गिक नसून पोटॅशच्या खाणीची आहेत. भूगर्भात पाणी सोडून विरघळविलेले पोटॅश वर आणून या तळ्यांत सुकवितात. बाष्पीभवन त्वरेने व्हावे म्हणून पाण्यात निळा रंग मिसळतात. शहराच्या पूर्वेकडील स्लिकरॉक मार्ग १९६९ मध्ये मोटारसायकलींसाठी आखण्यात आला. पुढे डोंगरी सायकलस्वारांमुळे तो जगप्रसिद्ध झाला. १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास येथे जीपगाड्यांची सहल भरते. नदीत शहराच्या वरच्या अंगास, फिशर टॉवर्स या सुळक्यांजवळ, रबरी होड्यांतून सौम्य जलप्रवास करता येतो. संगमाच्या खालच्या कॅटरॅक्ट कॅन्यनमधील द्रुतवाह मात्र कसलेल्या नावाड्यांनाच झेपणारे आहेत. ला सॅल पर्वतातील मौंट पील (३,८७७ मी.) हे सर्वोच्च शिखर होय. पर्वताच्या उतारांवरील पाइन व ॲस्पेन वृक्षांची वने उन्हाळ्यात वाळवंटाच्या तापातून विसावा देतात. जॉन फोर्डने वॅगन मास्टर व रिओ ग्रँडी (दोन्ही १९५०) या चित्रपटांचे चित्रण या परिसरात केले.

संरक्षणाचे प्रश्न : येथील उघडी भासणारी वाळू पुष्कळदा निर्जीव नसते. सायनोबॅक्टेरिया, शैवाक व शेवाळी यांनी विणलेले काळपट, खडबडीत मृदाकवच तिच्यावर असते. ते मातीचे कण धरून ठेवते, ओलावा टिकविते व हवेतील नायट्रोजन स्थिर करते. एका पावलाखाली ते चुरडते व पूर्ववत होण्यास अनेक दशके लागतात. म्हणून आखलेली वाट, उघडा खडक अथवा ओढ्याचे कोरडे पात्र सोडून चालू नये, असा दंडक आहे.

युरेनियमच्या कारखान्याने नदीकाठी सु. १ कोटी ६० लाख टन किरणोत्सर्गी गाळ मागे ठेवला होता. कोलोरॅडो नदीचे पाणी खालच्या राज्यांतील कोट्यवधी लोक वापरत असल्याने हा केवळ मोॲबचा प्रश्न नव्हता. २००९ पासून हा गाळ रेल्वेने उत्तरेस सु. ४८ किमी. वरील क्रेसेंट जंक्शन येथे नेऊन पुरण्याचे काम हाती घेण्यात आले. २०२४ पर्यंत त्याचा बहुतांश भाग हलविला गेला.

पर्यटनाचे परिणाम अधिक सावकाश दिसतात. २०२१ मध्ये आर्चेस उद्यानास १८ लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली आणि वाहनतळ भरल्यामुळे प्रवेशद्वार अनेकदा काही तास बंद ठेवावे लागले. त्यामुळे २०२२ मध्ये गर्दीच्या महिन्यांत ठराविक वेळेचा पूर्वनोंदणीकृत प्रवेश प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला व तो नंतरच्या काही हंगामांतही चालू राहिला. शहराचे पिण्याचे पाणी ला सॅल पर्वतावरील हिम व पाऊस यांनी पोसलेल्या झऱ्यांतून व विहिरींतून येते आणि पाहुण्यांच्या सोयींवरही तेच खर्च होते. घरांच्या किंमती वाढल्याने हॉटेलांत व उपाहारगृहांत काम करणाऱ्यांनाच शहरात राहणे कठीण झाले. या परिस्थितीत शहर व कौंटी यांनी २०१९ मध्ये नव्या हॉटेलांच्या परवानग्या काही काळ स्थगित केल्या. युरेनियमच्या काळात खनिज संपण्याची भीती होती. पर्यटनाच्या काळात जे पाहण्यास लोक येतात ते त्यांच्याच पावलांनी झिजण्याची आहे. कमानींचे कोसळणे रोखता येत नाही व ते नैसर्गिकही आहे. मृदाकवच, झरे व शैलचित्रे यांचे रक्षण मात्र येणाऱ्यांच्या संयमावर अवलंबून आहे.