कासवाच्या गतीनं!

शनिवारी रोप लावायचं, टी-शर्ट घालून ग्रुप फोटो काढायचा आणि सोमवारी पुन्हा ऑफिस! आपल्या ‘समाजसेवे’चा हा झटपट फंडा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मात्र काही मंडळी २००२ पासून एकच काम करताहेत, तेही रोज पहाटे उठून. त्यांची ही गोष्ट.

अंजनवेल म्हटलं की काय आठवतं? बाबांना विचारून बघा, झटकन उत्तर येईल, ‘एन्रॉन!’ प्रकल्पाला नाव मिळालं खाडीपलीकडच्या दाभोळचं, पण तो उभा राहिला अलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या कातळावर. १९९२ मध्ये ही अमेरिकन कंपनी इथे आली. मग आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, सरकारं बदलली. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि विजेच्या दरावरून वाद पेटून मे २००१ मध्ये बंदही पडला. त्याच डिसेंबरात तिकडे एन्रॉनचं दिवाळं वाजलं. पुढे २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे प्रकल्प गेला. थोडक्यात काय, तर ‘कोकणचा विकास’ या दोन शब्दांवर इथे हजारो कोटींची उलाढाल झाली.

मी अंजनवेलला गेले होते ती गोपाळगड बघायला. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते त्या मुखावरचा हा किल्ला. तटावरून खाली खाडी दिसते, समोर दाभोळ आणि मागे प्रकल्पाची धुरांडी. इथून अर्ध्या तासावर गुहागरचा लांबलचक किनारा. तिथे पोचले आणि वाळूत मला दुसराच ‘प्रकल्प’ दिसला. जाळीचं एक कुंपण. आत ओळीनं रोवलेल्या पाट्या. प्रत्येक पाटीवर एक तारीख आणि एक आकडा. बस्स!

ही कासवांची हॅचरी. गेल्या काही हंगामांत रत्नागिरी जिल्ह्यात घरट्यांच्या संख्येत गुहागरनं आघाडी घेतलीय. पण या गोष्टीची सुरुवात इथली नाही. त्यासाठी धोपाव्याहून फेरीबोटीनं खाडी ओलांडायची आणि दापोली, केळशी करत थेट मंडणगड तालुक्यातलं वेळास गाठायचं. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून इतिहासात ठाऊक असलेलं वेळास.

रिकामी टरफलं

चिपळूणला १९९२ मध्ये ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ नावाची संस्था सुरू झाली. भाऊ काटदरे हे तिचे संस्थापक. निसर्गाचं वेड असलेल्या मंडळींचा हा गट पांढऱ्या पोटाच्या समुद्र-गरुडाच्या घरट्यांचा शोध घेत किनारा पालथा घालत होता. २००२ मध्ये अशाच एका फेरीत वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची रिकामी टरफलं सापडली. चौकशी केल्यावर कळलं की कासवं दरवर्षी येतात, अंडी घालतात आणि ती अंडी माणसं उकरून नेतात. खायलाही आणि विकायलाही.

आता विचार करा, तुम्ही-आम्ही काय केलं असतं? एक जळजळीत पत्र लिहिलं असतं, नाहीतर एखादी रॅली काढली असती. कायदा तर बाजूनं होताच. ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. पण रात्री दोन वाजता निर्मनुष्य किनाऱ्यावर कायदा कोण बघायला येणार? संस्थेनं साधा हिशेब केला. घरटं कुठे असतं हे सगळ्यांत चांगलं कुणाला कळतं? अंडी काढणाऱ्यालाच! मग गावातल्या अशाच जाणत्या माणसांना हाताशी धरलं आणि राखणीची जबाबदारी दिली. त्या पहिल्या हंगामात ५० घरटी वाचली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली.

तारखांचा योगायोग बघा. खाडीच्या या तीरावर कोट्यवधींची यंत्रं थंड पडली होती, आणि उत्तरेकडच्या त्या वाळूत बांबू, जाळी आणि टोपल्या घेऊन हा उद्योग सुरू होत होता.

पहाटेची ड्यूटी

काम ऐकायला अगदी सोपं. नोव्हेंबर ते मार्च हा मुख्य हंगाम. मादी रात्री वाळूवर चढते, दीड-दोन फुटांचा खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. ती पुन्हा ढुंकूनही बघत नाही. मागे राहतो तो फक्त ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटलेला माग. कुत्री, कोल्हे आणि माणसं यांच्या आधी तो माग गाठायचा. त्यासाठी कासवमित्र पहाटेच्या अंधारात अख्खा किनारा पायी तुडवतात.

घरटं सापडलं की अंडी अलगद काढायची, न हिंदकळता हॅचरीत आणायची, मूळ खड्ड्याइतकाच खोल आणि तशाच मडक्याच्या आकाराचा खड्डा करून पुरायची. पाटी लावायची. मग साधारण पन्नास दिवस वाट बघायची. दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघायची.

मी उभी होते त्या सकाळी पहिली टोपली उचलली, खाली नुसती वाळू. दुसरी उचलली, वाळू. तिसरीखाली तळहाताएवढी सुद्धा नाहीत अशी काळपट पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती. कासवमित्रानं ती एक एक करून मोजली आणि वहीत आकडा टाकला. मग पाण्यापासून काही पावलं अलीकडे, ओल्या वाळूवर ती सोडली. हातानं पाण्यात टाकायची नाहीत, त्यांचं त्यांनी चालायचं. एक पिल्लू दोनदा लाटेनं मागे फेकलं गेलं. मी नकळत पुढे सरकले, तर कासवमित्रानं हातानंच थांबायची खूण केली. तिसऱ्या लाटेला ते गेलं.

मला सगळ्यात भारी वाटली ती ही वही. टाळ्या नाहीत, स्टेज नाही. आज शून्य, उद्या शून्य, परवा चाळीस. शून्यसुद्धा नीट लिहून ठेवायचा.

आणि रिझल्ट? हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं असं मानलं जातं. त्याला वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि माद्या बहुधा आपल्या जन्मकिनाऱ्याच्याच आसपास अंडी घालायला परततात. म्हणजे २००३ मध्ये सोडलेल्या पिल्लाचं प्रगतिपुस्तक हातात यायला कित्येक वर्षं थांबायचं! आपण तीन महिन्यांत अप्रेझल मागणारी माणसं. जरा अवघडच वाटतं, नाही?

होम-स्टे आणि हिरमोड

पण गावानं का थांबावं? पोटाचं काय? यावरचा तोडगा २००६ मध्ये निघाला, वेळासचा कासव महोत्सव. शहरातल्या लोकांना बोलवायचं, गावातल्याच घरांत उतरवायचं, घरचंच जेवण वाढायचं, सकाळ-संध्याकाळ पिल्लं दाखवायची आणि त्याचे पैसे थेट गावात जायचे. जिवंत कासवाची किंमत अंड्यापेक्षा जास्त आहे, हे भाषण न देता पटलं. पुढे आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवरही हे काम उभं राहिलं.

अर्थात आमच्यासारखे पाहुणे म्हणजे काही निव्वळ वरदान नाही! माझी एक आयटीवाली मैत्रीण महोत्सवाला जाऊन आली आणि फोनवर तणतणली, ‘अगं, आठ तास ड्राइव्ह केलं आणि एकही पिल्लू नाही!’ ज्या घरी ती उतरली होती तिथल्या काकूंनी तिच्या ताटात उकडीचा मोदक वाढत म्हटलं होतं, ‘बाळंतपणाची तारीख डॉक्टर तरी कुठे नक्की सांगतो गो?’ मैत्रीण हसली, पण तिचा मुद्दा बाजूला टाकण्यासारखा नाही. गर्दी वाढली की दबाव येतो. कुणाला पिल्लू हातात घेऊन फोटो हवा असतो, कुणी रात्री किनाऱ्यावर गाडी घालतो, कुणाला टॉर्च मारून ‘लाइव्ह’ बघायचं असतं. पिल्लं क्षितिजावरच्या उजेडाच्या दिशेनं समुद्र शोधतात. किनाऱ्यावर दिवे आले की ती रस्ता चुकतात. वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी हे ठरतं, वाळू जास्त तापली तर माद्या वाढतात आणि फारच तापली तर अंडी आतच मरतात. वाढता उन्हाळा काही जाळीच्या कुंपणानं अडत नाही. थोडक्यात, काम संपलेलं नाही, अवघड झालंय.

काम सोपवायचंय

या गोष्टीत मला सगळ्यात मोठं वाटलं ते पुढचं पाऊल. चिपळूणच्या या संस्थेनं काम रुजवलं आणि मग ते गावाच्या आणि वन विभागाच्या हाती गेलं. आज हॅचऱ्या वन विभाग आणि स्थानिक कासवमित्र चालवतात. आपण सुरू केलेल्या कामावरून आपल्या नावाचा बोर्ड उतरू देणं, सोपं आहे का हो?

सेवाभावी क्लब तर आपल्याकडे गावोगावी आहेत. वह्यावाटप, नेत्रशिबिर, रक्तदान, मग अध्यक्षांचा पदग्रहण समारंभ. यातलं काहीच वाईट नाही. पण वर्ष बदललं की अध्यक्ष बदलतो आणि अध्यक्षाबरोबर प्रोजेक्टही. जे क्लब एकाच कामाला चिकटून राहिले त्यांनी काय केलं हेही आपल्या डोळ्यांसमोर आहे. रोटरीनं पोलिओविरुद्धची मोहीम १९८५ मध्ये हाती घेतली. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला जानेवारी २०११ मध्ये, आणि पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं मार्च २०१४ मध्ये. सरकार, आरोग्यसेविका, जागतिक संघटना, सगळ्यांचे हात लागले. पण मधल्या २९ वर्षांत रोटरीचे अध्यक्ष दरवर्षी बदलत राहिले, काम तेच राहिलं!

टिकून राहण्याची बक्षिसं कधीकधी अगदी अनपेक्षित येतात. जानेवारी २०२२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर पहिल्यांदाच ऑलिव्ह रिडलेच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवला गेला. जागा होती वेळास आणि त्या मादीचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून चक्क बंगालच्या उपसागरात पोचली. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूवर एक मादी अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्यासारख्या पायावर आधीच एक बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. तो बसवला होता मार्च २०२१ मध्ये, ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर! सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी, असं तोवर समजलं जायचं. तिनं गुहागरला १२० अंडी घातली, त्यांतून १०७ पिल्लं समुद्रात गेली. पहाटे किनाऱ्यावर कुणी फिरतच नसतं, तर तो बिल्ला कुणाला दिसला असता?

जाताय? मग एवढं पाळा

* जानेवारीअखेर ते एप्रिल हा पिल्लं दिसण्याचा काळ. निघण्याआधी गावात फोन करून घरट्यांची स्थिती विचारा. एका दिवसाचा घाईचा प्लॅन नको, दोन रात्री राहा.
* पिल्लं सोडतात सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला. वेळेवर पोचा, दोरीच्या मागे उभे राहा, फ्लॅश बंद ठेवा.
* पिल्लाला हात लावू नका. ते उलटलं तरी कासवमित्रांना सांगा.
* किनाऱ्यावर गाडी नको, रात्री टॉर्च नको, प्लॅस्टिक तर नकोच नको.
* गावातल्या घरात राहा, तिथेच जेवा, पैसे तिथेच द्या.
* पिल्लं नाहीच दिसली तर? हॅचरीच्या वहीत शून्य लिहिलं जाताना बघा. या कामातले बहुतेक दिवस तसेच असतात.

आणि परतल्यावर आपल्याच गल्लीत, सोसायटीत किंवा ऑफिसच्या मागच्या ओढ्याकाठी एखादं छोटंसं काम शोधा. अट एकच, पुढच्या वर्षीही तेच करायचं!