सरकणारा पातबिंदू

राहू-केतू हे ग्रह नव्हेत, चंद्रकक्षेचे पातबिंदू होत, हे आपल्यापैकी अनेकांनी याच शाळेत ऐकले असेल. सुमारे १८.६ वर्षांत ते आकाशाची एक फेरी पुरी करतात. आज मला अशाच एका पाताविषयी बोलावयाचे आहे. मात्र त्याच्या ज्या सरकण्याचा मी विचार करणार आहे, ते वर्षाला जेमतेम दोन मीटर आहे.

न्यूटनच्या मते परिपूर्ण गोल स्वतःभोवती फिरो वा न फिरो, शेजारच्या उपग्रहाला त्याचे सोयरसुतक नाही. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतावादात तसे नाही. तेथे परिवलन करणारा गोल भोवतालचा अवकाश-काळ किंचित आपल्याबरोबर ओढतो आणि कक्षेची पातळी त्याच दिशेने वळते. लेन्से आणि थिरिंग यांनी १९१८ मध्ये हे गणित मांडले. मधात फिरणाऱ्या चेंडूची उपमा येथे नेहमी देतात. मला ती पटत नाही. मध घर्षणाने ऊर्जा खातो, येथे घर्षण मुळीच नाही.

१९७६ साली सोडलेला लॅजिऑस हा ६० सेंटिमीटर व्यासाचा, ४२६ परावर्तक बसविलेला गोळा. जमिनीवरून लेसर किरण सोडून त्याचे अंतर मोजतात. त्याच्या पाताचे अपेक्षित सरकणे वर्षाला विकलेच्या ३१ सहस्रांशांएवढे. परंतु पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्याने तोच पात वर्षाला सुमारे १२५ अंश सरकतो, म्हणजे जवळजवळ दीड कोटी पट! फुगीरपणाच्या अंकात किंचित चूक राहिली, तरी सारे मोजमाप बुडालेच.

तोड निघाली ती १९९२ च्या लॅजिऑस-२ मुळे. त्याच्या कक्षेचा कल निराळा. फुगीरपणा एकाचा पात पूर्वेकडे, तर दुसऱ्याचा पश्चिमेकडे नेतो. परिवलन मात्र दोन्ही पात पूर्वेकडेच ओढते. दोन अज्ञाते, दोन समीकरणे; त्यांतील नकोसे अज्ञात लोपवावयाचे. फळ्यावर आपण हेच तर करीत होतो! उरलेल्या दुरुस्त्यांना २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस उपग्रहजोडीच्या मापनांनी आधार दिला. २००४ मध्ये चुफोलिनी व पाव्लिस यांनी उत्तर प्रसिद्ध केले: सिद्धांताच्या ९९ टक्के, अनिश्चितता पाच ते दहा टक्के. ही अनिश्चितता कमी धरली आहे, असा आक्षेपही घेतला गेला. ग्रॅव्हिटी प्रोब-बी या यानातील घूर्णदर्शींनी २०११ मध्ये दिलेला आकडा ३७.२ सहस्रांश विकला, चूक ७.२, अपेक्षा ३९.२ ची होती.

कृष्णविवरापाशी हाच परिणाम प्रचंड होतो. ते कमाल वेगाने फिरत असेल, तर परिवलनाच्या दिशेने जाणारी शेवटची स्थिर कक्षा स्थिर विवराच्या मानाने एक षष्ठांश होते; उलट दिशेने जाणाऱ्याला मात्र दीडपट दूर राहावे लागते.