जामीन झाला, माणूस आतच

भंडारा जिल्ह्यात कैद्यांच्या हक्कांविषयी बोलायचे तर खैरलांजीला वळसा घालता येत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या या गावात दलित कुटुंबातल्या सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुले प्रियंका, सुधीर व रोशन यांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांचा तुरुंगवास दिला. अॅट्रॉसिटी कायदा दोन्ही न्यायालयांनी लावला नाही, हे मला आजही अन्यायाचे वाटते. त्या आठ जणांना वकील मिळाला, अपील करता आले, हे मात्र अन्यायाचे वाटत नाही. हत्येच्याच वर्षी नोव्हेंबरात खैरलांजीचा निषेध करायला रस्त्यावर उतरलेली विदर्भातली आंबेडकरी पोरेही कोठडीत गेली होती. वकील, अपील आणि मारहाणीपासून संरक्षण हे हक्क माणूस पाहून वाटायचे ठरले, तर ते सर्वांत आधी अशाच पोरांच्या हातून जातील.

कैद्याला हक्क असतात, हे आपल्या न्यायालयांनी सांगायला बराच काळ घेतला. त्या वाटेवरचे काही महत्त्वाचे खटले महाराष्ट्रातल्या तुरुंगांतून निघाले आहेत. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी अणूविषयी मराठीत पुस्तक लिहिले. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवू द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. सरकारने ती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६५ मध्ये सरकारचे म्हणणे फेटाळले. स्थानबद्धतेच्या अटींत जी बंदी लिहिलेली नाही, ती अधिकाऱ्यांना आपल्या मनाने घालता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. पुढच्या सगळ्या लढायांना हा निकाल उपयोगी पडायला हवा होता. पण आणीबाणीत तर स्थानबद्धाला न्यायालयाचे दारच बंद झाले.

१९७८ चा होस्कोट खटलाही महाराष्ट्रातलाच. उच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली १९७३ मध्ये, आणि निकालाची प्रत हाती पडली शिक्षा भोगून झाल्यावर, असे त्या कैद्याचे म्हणणे होते. प्रत नाही म्हणजे अपीलच नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नियम घालून दिला: निकालाची प्रत कैद्याला विनामूल्य द्यायची, ती मिळाल्याची लेखी पोच घ्यायची आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्यायचा. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. त्या पत्रातून स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, महिला पोलिसांची देखरेख, अटकेची खबर ताबडतोब विधी साहाय्य समितीला आणि नातेवाइकांना, असे आदेश निघाले. त्याआधी १९७२ मध्ये, आपल्या जिल्ह्यातल्या लाखांदूरला लगतच्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार मथुरा प्रकरण म्हणून देशाला ठाऊक झाला. आरोपी पोलीस सुटले. संतापातून १९८३ मध्ये कायदा बदलला.

अलीकडचा मोठा निकाल ३ ऑक्टोबर २०२४ चा. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली कामे जातीनुसार वाटणारे नियम रद्द केले आणि नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. स्वयंपाक एकाकडे आणि झाडलोट दुसऱ्याकडे, ही वाटणी स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षे छापील नियमांत टिकून होती. खैरलांजीच्या जिल्ह्याने तरी हा निकाल पाठ करून ठेवावा.

आता भंडाऱ्याच्या जिल्हा कारागृहाकडे येऊ. जिल्हा कारागृहात प्रामुख्याने न्यायाधीन बंदी असतात, ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो. लांब शिक्षेचे नागपूर मध्यवर्ती कारागृहात जातात. देशभरचे चित्र पाहा: २०२२ अखेर ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरात सुमारे शहात्तर, गुन्हा सिद्ध न झालेले होते. त्यांना मतदान करता येत नाही, मात्र निवडणूक लढवता येते. असा कायदा मला समजत नाही.

जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो, यासारखी चीड आणणारी गोष्ट दुसरी नाही. न्यायालय जमानतदार मागते. जमानतदाराकडे सातबारा हवा, तहसीलचा ऐपतीचा दाखला हवा. पवनी किंवा लाखांदूरकडच्या भूमिहीन मजुराने तो आणायचा कुठून? नातेवाईक त्याच्यासारखेच, जमीनवाला मालक पेशीला यायला तयार नसतो. रोवणीचा हंगाम निघून जातो, घरचे उसनवारीवर दिवस काढतात. मोतीराम खटल्यात १९७८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने गरिबाकडे झेपणार नाही असा जामीन मागू नये, असे बजावले होते. जातमुचलक्यावर सोडता येते, हे प्रत्येक न्यायाधीशाला ठाऊक असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशांनी ही गाठ सोडवण्याची कार्यपद्धती ठरवून दिली. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात पोहोचला पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. महिनाभरात बंधपत्र भरले गेले नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करू शकते. गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी केंद्राच्या योजनेतून मदतही मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार, ठरावीक गंभीर गुन्हे सोडले तर, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की सुटकेचा अर्ज न्यायालयाकडे पाठवणे ही कारागृह अधीक्षकाचीच जबाबदारी आहे.

मदतीचा पैसा, वकील, अधीक्षकाचा अर्ज, सगळे कायद्यात आहे. कोठडीतल्या माणसाला त्याचे उत्पन्न न पाहता मोफत वकील देणारा कायदा तर १९८७ चा आहे. मग भंडाऱ्यातल्या वकील संघाने, समाजकार्य महाविद्यालयांनी आणि स्थानिक वर्तमानपत्रांनी एकच मागणी लावून धरावी. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती दर तिमाहीला बसते. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक तिचे सदस्य असतात. जामीन होऊनही आत असलेले किती, त्यातले महिन्याहून जुने किती आणि कुणाच्या अटी सैल करायला न्यायालयाला कळवले, हे आकडे नावे न देता त्या समितीने दर तिमाहीला जाहीर करावेत.