समुद्राच्या तळावरची शेती

नेदरलँड्समधल्या एमेलोर्ड गावाच्या आसपास जोराचा पाऊस पडून गेला की शेतकरी आधी शेताच्या कडेचा चर गाठतो. जमिनीखाली मीटरभर खोल घातलेल्या निचऱ्याच्या नळ्यांची तोंडं या चरात उघडतात. सगळ्या नळ्या वाहत असताना एखादी कोरडी दिसली, तर ती तुंबली असं समजायचं.

या नोर्डओस्टपोल्डर भागावर पूर्वी समुद्र होता. अभियंते कॉर्नेलिस लेली यांच्या योजनेप्रमाणे १९३२ साली त्या समुद्राचं तोंड बांध घालून बंद केलं. मग आतल्या भागाला वेगळा बांध घालून पाणी उपसलं आणि १९४२ मध्ये सुमारे ४८ हजार हेक्टर तळ उघडा पडला. सुरुवातीला सरकारनं स्वतः ही जमीन कसली. नंतर देशभरातून कुटुंबं निवडून ती खंडानं दिली. निरीक्षक अर्जदाराच्या घरी जाऊन त्याची शेती पाहत, तशीच घरातली टापटीपही. ३०० बाय ८०० मीटर, म्हणजे २४ हेक्टर, हा इथला नेहमीचा तुकडा.

मी गेलो तेव्हा बटाट्याची काढणी उरकली होती आणि नळ्या धुणं चाललं होतं. ट्रॅक्टरमागच्या रिळावरचा लांबलचक होज यंत्र नळीत ढकलत होतं. टोकाच्या नोझलमधून मागच्या बाजूला पाण्याचे फवारे सुटतात, त्यांच्या जोरावर होज पुढे सरकतो. आधी राखाडी पाणी आलं, मग तांबूस गाळाचे गोळे पडू लागले. जमिनीतल्या लोहाला हवा लागली की असा गाळ धरतो. पाणी नितळ होईपर्यंत होज सावकाश मागे ओढला गेला. चराच्या कापलेल्या कडेत शिंपले स्पष्ट दिसत होते.

नळ्यांतलं पाणी चरातून कालव्यात जातं आणि लेमर, उर्क, फोलेनहोव इथले पंप ते बांधापलीकडे टाकतात. त्यासाठीची, पाण्याचं व्यवस्थापन पाहणाऱ्या जलमंडळाची पट्टी शेतकऱ्याप्रमाणे गावातला रहिवासीही भरतो.

आपल्याकडे, उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेल्या शिरोळ-सांगलीच्या जमिनींतही आता सच्छिद्र पाईप घातले जातात, आणि पडीक रानात पुन्हा पीक उभं राहतं. पण पाईप टाकून काम संपत नाही. तो दरवर्षी तपासावा लागतो, आणि त्याचं पाणी शेजाऱ्यांच्या रानांतून ओढ्यापर्यंत न्यावं लागतं. ऊसपट्ट्यातल्या गावांनी ही देखभाल आणि तिचा खर्च मिळून उचलला, तरच सुधारलेली जमीन पुढच्या पिढीच्या हाती सुधारलेलीच जाईल.