पानावर आहे तेवढंच

मुलीने एलसॅटचा, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचा, पहिला सराव पेपर सोडवला त्या शनिवारी मीही तिच्याबरोबर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. पुण्यातली एलएलबी माझ्या नावावर आहे, लग्न होऊन न्यू जर्सीला येण्याआधी दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्याही झिजवल्या आहेत. एडिसनमध्ये वाढलेल्या आणि कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात असलेल्या पोरीपुढे आपण कमी पडणार नाही, असा माझा फाजील विश्वास होता. तिला १५३ आले, मला १४६. ती माझा पेपर चाळत म्हणाली, "आई, प्रश्नात नसलेल्या गोष्टी तू आपल्या मनाने धरतेयस."

या एका वाक्यात ही परीक्षा बरीचशी आली. पण आपल्याकडची प्रवेशपरीक्षा डोक्यात ठेवून एलसॅटकडे पाहिलं की सगळं उलटंपालटं वाटतं, म्हणून मुळापासून सांगते.

अमेरिकेत बारावीनंतर थेट कायद्याला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी घ्यायची आणि मग तीन वर्षांची जेडी ही कायद्याची पदवी. आधीची पदवी कुठल्याही विषयातली चालते. संगीत, रसायनशास्त्र, नर्सिंग, काहीही. त्यामुळे लॉ स्कूलपुढे जुनाच पेच असतो: एका कॉलेजचा इतिहासातला विद्यार्थी आणि दुसऱ्या कॉलेजचा इंजिनिअर यांना एका तराजूत कसं तोलायचं? १९४५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातले प्रवेशाधिकारी फ्रँक बोल्स यांनी समान परीक्षेची कल्पना मांडली. हेच ते कोलंबिया, जिथे १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले. फेब्रुवारी १९४८ मध्ये पहिली परीक्षा झाली. आज ती पेनसिल्व्हेनियातल्या न्यूटाउन गावची लॉ स्कूल अ‍ॅडमिशन कौन्सिल, म्हणजे एलसॅक, ही संस्था घेते. २०१६ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाने जीआरई या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे मार्कही चालतील असं सांगितलं आणि मग हार्वर्डसारख्या बऱ्याच कॉलेजांनी तो रस्ता धरला. तरी बहुसंख्य मुलं एलसॅटच देतात.

आपल्याकडे एलएलबी करून इथे एलएलएमला येणाऱ्यांना सहसा एलसॅट लागत नाही. पुण्यामुंबईहून दरवर्षी कुणाचा तरी फोन येतो, 'तुमच्या मुलीची पुस्तकं पाठवाल का?' त्यांना आधी हेच विचारते की एलएलएम की जेडी? एलएलएम असेल तर पुस्तकांचं टपाल वाचतं.

एलसॅटला अभ्यासक्रम नाही. महाराष्ट्राच्या लॉ सीईटीत सामान्य ज्ञान असतं, कायद्याची तोंडओळख असते. इथे घटनेचं एक कलमही विचारत नाहीत. परीक्षा चार भागांची, प्रत्येक भाग ३५ मिनिटांचा. दोन भाग तर्काचे, एक उताऱ्यांच्या वाचनाचा, आणि चौथा यांपैकीच एखाद्या प्रकारचा पण बिनमार्कांचा. पुढच्या परीक्षांसाठी नवे प्रश्न तावून सुलाखून घ्यायचे म्हणून तो घुसवलेला असतो. तो नेमका कुठला, हे सांगत नाहीत. अंदाज बांधत बसणारी मुलं हमखास फसतात, कारण 'हा अवघड गेला, म्हणजे हाच बिनमार्कांचा असणार' ही मनाची समजूत असते. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. त्यामुळे वेळ संपत आली की उरलेल्या सगळ्या प्रश्नांत काहीतरी टिचकवून ठेवायचंच.

पूर्वी आणखी एक प्रकार होता, 'लॉजिक गेम्स'. सात पाहुणे गोल टेबलाभोवती, अमुक तमुकशेजारी बसणार नाही, मग चौथ्या खुर्चीत कोण? कागदावर आकृत्या काढून सोडवायचं कोडं. दृष्टिहीन परीक्षार्थींनी यावर दावा लावला: जे आकृती काढल्याशिवाय सुटतच नाही, ते आम्ही कसं सोडवायचं? २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून हा भाग परीक्षेतून गेला. माझ्या पुतण्याने प्रेमाने दिलेल्या जाडजूड जुन्या पुस्तकावर आम्ही दोन आठवडे घालवले, त्यातला निम्मा मजकूर या खेळांचा निघाला. वापरलेली पुस्तकं घेणाऱ्यांनी आधी साल पाहावं.

आता तर्काचा भाग. मार्क मिळणाऱ्या तीन भागांतले दोन याचे, म्हणून जीव इथे ओतायचा. एका भागात पंचवीसच्या आसपास प्रश्न, म्हणजे एकाला दीड मिनिटाहूनही कमी. छोटा परिच्छेद असतो, त्यात कुणीतरी काहीतरी ठासून सांगत असतो. मग विचारतात: यात गृहीत काय धरलंय? हे कशाने कमकुवत होईल? चूक कुठे आहे?

आमच्या टेबलावर मी मराठीत एक प्रश्न रचला होता, तोच देते. 'दादरच्या एका वडापावच्या गाडीवाल्याने तळणीचं तेल बदललं. पुढच्या महिन्यात विक्री दीडपट झाली. म्हणून मालक म्हणतो, नव्या तेलामुळेच गिऱ्हाईक वाढलं.' हा दावा सर्वांत जास्त कशाने ढासळेल? पर्याय एक: नवं तेल जुन्यापेक्षा महाग आहे. दोन: काही गिऱ्हाइकांना जुन्या तेलातलाच वडा आवडायचा. तीन: त्याच महिन्यात समोरची दुसरी वडापावची गाडी कायमची बंद झाली. चार: तेल बदलल्यावरही वड्याची किंमत तीच राहिली. पाच: तळलेलं खाऊ नका असं डॉक्टर सांगतात.

मी पहिल्या झटक्याला दोन म्हटलं. जुना वडा आवडणारी माणसं होती, म्हणजे तेलाने गिऱ्हाईक वाढलं कसं? पण 'काही' म्हणजे दोघंतिघंही असू शकतात. दोघंतिघं नाराज होऊनही विक्री दीडपट होऊ शकते. एकचा नफ्याशी संबंध, गिऱ्हाईक का वाढलं याच्याशी नाही. पाच खरं आहे, पण इथे त्याचं काम नाही. चारने तर मालकाची बाजू उलट भक्कम होते, कारण स्वस्त केल्यामुळे गर्दी झाली ही शंकाच मिटते. उरला तीन: समोरची गाडी बंद झाल्यामुळे तिकडची गर्दी इकडे आली असेल. मालकाचा आकडा खोटा ठरत नाही, फक्त वाढीला दुसरं कारण सापडतं. एलसॅटला एवढंच हवं असतं. दावा पूर्ण पाडायचा नसतो, त्याच्या पायाखालची एक वीट काढायची असते.

चुकायची दुसरी जागा 'जर-तर'ची. कार्यक्रमाच्या दारावर पाटी असते: 'पासशिवाय प्रवेश नाही.' आत बसलेल्या प्रत्येकाकडे पास आहे, हे यावरून काढता येतं. पण पास आहे म्हणून आत सोडतीलच, असं पाटी म्हणत नाही. हॉल भरला असेल, चपला काढायला सांगितलं आणि तुम्ही ऐकलं नसेल. आवश्यक अट आणि पुरेशी अट यांतला हा फरक बोलताना आपण सर्रास विसरतो, कारण बोलताना समोरच्याच्या मनातलं ओळखून घ्यायची सवय असते. परीक्षा नेमकी त्या सवयीवर दबा धरून बसलेली असते. मुलगी मला अडवायची ती इथेच.

गृहीतक शोधायचं असेल तर तिची एक युक्ती होती, आणि शिकवणाऱ्या पुस्तकांतही ती असते: पर्याय उलटा करून बघायचा. 'समोरची गाडी बंद झाली नव्हती' हे मालकाचं गृहीतक आहे का? उलटं करा: बंद झाली होती. दावा डळमळला? मग ते गृहीतक होतं. 'मालक रोज सकाळी सहाला उठतो' हे उलटं करून काहीच बिघडत नाही, म्हणून ते नाही.

वाचनाच्या भागात चार संच असतात, त्यांतल्या एकात दोन छोटे उतारे शेजारी ठेवून तुलना करायची. कायदा, विज्ञान, समाजशास्त्र, कला, कुठलाही विषय येतो. इथे विषय माहीत असलेला माणूस अडचणीत येतो. जीवशास्त्रातली पदवी असलेली मुलीची मैत्रीण पेशींवरच्या उताऱ्यात चुकायची, कारण ती स्वतःच्या ज्ञानाने उत्तर द्यायची, लेखकाच्या नाही. या भागाबद्दल सांगता येण्यासारखं फार नाही. एवढंच की प्रत्येक परिच्छेद संपला की लेखकाने इथे काय केलं ते मनात एका ओळीत म्हणायचं: 'जुनं मत सांगितलं', 'त्यावर शंका घेतली', 'मध्यममार्ग काढला'. तपशील लक्षात ठेवायची गरज नाही, उतारा समोरच असतो.

गुणांची पट्टी १२० ते १८०. खालून शून्य नाही आणि वरून शंभर नाही, म्हणून आपल्या लोकांना हा आकडा पटकन कळत नाही. माझ्या आईने पुण्याहून विचारलं, "दीडशे म्हणजे किती पैकी?" सोपं करून सांगायचं तर १५३च्या आसपास परीक्षार्थींची मधली रेघ येते, आणि १७०च्या वर शंभरातले मोजके. येल-हार्वर्डसारख्या ठिकाणी प्रवेश मिळालेल्यांची मधली रेघ १७०च्या बरीच वर असते. पेपर थोडा सोपा-अवघड निघाला तर पट्टी त्याप्रमाणे सरकवतात, त्यामुळे ऑगस्टचा १६० आणि जानेवारीचा १६० एकच. प्रत्येक लॉ स्कूलला आपल्या विद्यार्थ्यांचे असे आकडे जाहीर करावे लागतात, आणि त्यांवर त्यांचा क्रमांकही ठरतो. म्हणून चांगला आकडा आणणाऱ्याला ते शिष्यवृत्ती देऊन ओढतात. दोन-चार गुणांसाठी मुलं तीन-तीन महिने घालवतात ती उगाच नव्हे.

तयारीला आमच्याकडे पाच महिने लागले. एलसॅकच्या लॉहब या संकेतस्थळावर काही खरे जुने पेपर फुकट सोडवता येतात, आणि वर्षाची वर्गणी भरली की आणखी बरेच मिळतात. तिथला पडदा परीक्षेच्या पडद्यासारखाच असतो: ओळी रंगवता येतात, पर्यायावर काट मारता येते, प्रश्नाला झेंडी लावून पुढे जाता येतं. नकली प्रश्नांपेक्षा हेच वापरावेत असं माझं ठाम मत आहे. एलसॅटचे प्रश्न लिहिणाऱ्यांची भाषा इतकी काटेकोर असते की बाजारी नक्कल लगेच उघडी पडते.

पहिले दोन महिने तिने घड्याळ लावलंच नाही. मग आठवड्याला एक पूर्ण पेपर, वेळ लावून. पण खरा अभ्यास पेपर संपल्यावर सुरू व्हायचा. मार्क बघायच्या आधी ती शंका आलेले सगळे प्रश्न पुन्हा, निवांत सोडवायची. मुलं याला ब्लाइंड रिव्ह्यू म्हणतात. त्यातून कळतं की चूक समजुतीची होती की घाईची. एका साध्या दोनशे पानी वहीत प्रत्येक चुकीला चार ओळी: मी काय निवडलं, का निवडलं, ते का चूक, बरोबर उत्तर मी का टाळलं. दुसऱ्या ओळीत सुरुवातीला 'वेळ कमी पडला' असं वारंवार यायचं. मी ते खोडायला लावलं. वेळ सगळ्यांनाच कमी पडतो, ते कारण होत नाही. दीड महिन्याने वहीत 'सगळे' आणि 'काही' यांतला गोंधळ सतरा वेळा निघाला. मग आठवडाभर फक्त तेवढ्यावर काम.

फी हलकी नाही. २०२५-२६ साठी ती २४८ डॉलर होती. ज्यांना परवडत नाही त्यांना ती माफही होते, त्यासाठी अर्ज वेळेवर हवा. एका माणसाला आयुष्यात सातदा बसता येतं. परीक्षा वर्षातून अनेकदा होते, आणि गेली काही वर्षं घरून, कॅमेऱ्यासमोर देता यायची. ऑगस्ट २०२६ पासून मात्र बहुतेकांना केंद्रावरच जावं लागेल, असं एलसॅकने जाहीर केलं आहे. तिने केंद्रच निवडलं होतं, कारण आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या थांबवणं माझ्या हातात असलं तरी शेजारच्यांचं गवत कापायचं यंत्र माझ्या हातात नाही. बरोबर पासपोर्ट. दोन भागांनंतर दहा मिनिटांची सुट्टी. त्यात तिने एक केळं खाल्लं आणि कुणाशीही बोलली नाही. हे मी तिला सांगून ठेवलं होतं, कारण सुट्टीत 'तुला तो उतारा कसा गेला?' विचारणारा एकजण असतोच.

मग तीनेक आठवड्यांची वाट. निकालाच्या सकाळी तिच्या सगळ्या मित्रमैत्रिणींचे आकडे आले आणि हिच्या पानावर काहीच नाही. फोन करायला निघाले तेव्हा बारीक अक्षरातली एक ओळ दिसली. मुख्य परीक्षेशिवाय एक निबंधही असतो, घरून स्वतंत्र लिहायचा: पंधरा मिनिटं टिपणं, पस्तीस मिनिटं लेखन, एका वादाच्या प्रश्नावर आपली बाजू मांडायची. त्याला गुण नाहीत, तो थेट लॉ स्कूलला जातो, म्हणून ही बाई त्याला 'नंतर करू' म्हणून विसरली होती. आणि तो दिल्याशिवाय निकाल दाखवत नाहीत.

त्या रात्री मी कुकर लावला नाही. तिने दार बंद केलं, कॅमेरा लावला, आणि पन्नास मिनिटांनी बाहेर येऊन फ्रिजमधला थंड वरणभात उभ्यानेच खाल्ला. पुढच्या आठवड्यात आकडा आला: १६६. तिने वही उघडून शेवटच्या पानावर तारीख टाकली आणि विचारलं, "जानेवारीत परत बसू?"